ड जीवनसत्त्व आणि म्हातारपणातली हाडं (ग्रामीण विदर्भ)

ड जीवनसत्त्व म्हणजे व्हिटॅमिन डी. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला हे लागतंच, कमी पडलं की शरीर आपल्याच हाडांतलं कॅल्शियम काढून घेते. उन्हातल्या यूव्हीबी (एक प्रकारचे अतिनील) किरणांनी ते कातडीत तयार होते, मग लिव्हर आणि किडनीत त्याचं कामाचं रूप बनते.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तरी विदर्भात म्हाताऱ्या माणसांत डी कमी निघते हे लोकांना पटतच नाही. पण वावरात जाणं सुटलं की आजी दिवसभर सपरीत बाजेवर, बाहेर निघाली तरी अंगभर लुगडं अन् डोक्यावर पदर, त्यात सत्तरीतली कातडी तरुण माणसाच्या मानानं बरंच कमी डी बनवते. कोवळं ऊन घ्या असं सगळे सांगतात, सकाळी सातला ते अंगाला बरं वाटते हे खरं, पण त्यात यूव्हीबी फारच कमी असतात. हिवाळ्यात ११ च्या सुमारास हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसणं जास्त कामाचं, उन्हाळ्यात मात्र त्या वेळेला म्हाताऱ्या माणसाला बाहेर बसवूच नये, ऊन लागते.

डी फार कमी पडलं की खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, मांडीत ताकद नाही, कंबर अन् बरगड्या ठणकतात. घरचे म्हणतात वय झालं. याचंच जास्त वाईट वाटते, कारण हा ऑस्टिओमलेशिया म्हणजे हाडं मऊ पडणं असू शकते आणि ते औषधानं सुधारते. ऑस्टिओपोरोसिस वेगळा, त्यात हाड पोकळ होते पण दुखत नाही, न्हाणीत पाय घसरून खुबा मोडला की मग कळते. यवतमाळ, चंद्रपूरकडं काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यानंही पाठ अन् सांधे आखडतात, म्हणून कुठलं पाणी पिता ते डॉक्टरला सांगावं.

रक्त तपासणीत डी एका मिलीलीटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता धरतात. जेवणातून डी थोडंच मिळते, अंड्याचा पिवळा बलक आणि तेलकट मासे सोडले तर जवळपास नाहीच. तीळ, दूध, शेवग्याचा पाला यांतून कॅल्शियम मिळते, डी नाही. सत्तरीनंतर रोजची गरज साधारण ८०० युनिट. मेडिकलमधली ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर बहुतेक वेळा आठवड्याला एक अशी ८ आठवडे देतात, ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता होते आणि किडनीही बिघडू शकते, म्हणून पुडीवर वार लिहून ठेवावा.