गुलाबी पडले म्हणून फेकू नका

गोव्यात जून ते सप्टेंबर प्रयोगशाळेतलं सामान कपाटात बसल्याबसल्या खराब होतं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी धरते आणि तिच्या आम्लांमुळे काचेवर कायमचे डाग पडतात. डेसिकेटरच्या, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायच्या बंद भांड्याच्या, तळाचे सिलिका जेलचे निळे दाणे तर ओल शोषून बघता बघता गुलाबी होतात. पेडणे असो की काणकोण, नव्या बाटलीची मागणी मग ठरलेलीच. खरं तर तिची गरज नसते.

सिलिका जेलच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचा आतला पृष्ठभाग 700-800 चौरस मीटर भरतो. हवेतली वाफ त्या भिंतींना नुसती चिकटते, रासायनिकरीत्या बदलत नाही. म्हणून उष्णता दिली की ती सुटून जाते. ट्रेमध्ये दाण्यांचा पातळ थर पसरा आणि ओव्हन 110 ते 120 अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास ठेवा. घाईने तापमान 150च्या वर नेलं तर दाण्यांतला रंग जळून काळा पडतो. दाणे झाकणबंद भांड्यातच थंड करा, नाहीतर जुलैच्या हवेत ते पुन्हा पाणी ओढायला लागतात.

निळा रंग कोबाल्ट क्लोराईडचा. श्वासावाटे कर्करोगाचा धोका असलेल्या रसायनांत युरोपीय संघाने ते धरलं आहे. तेव्हा धूळ उडवू नका, आणि स्वयंपाकघरातला ओव्हन तर मुळीच नको. माझं मत विचाराल तर रंगहीन जेलच बरी. दमट हवेत ती स्वतःच्या वजनाच्या साधारण एक-तृतीयांश पाणी धरते, त्यामुळे ती ओली झाली की नाही हे तराजूवर ठेवलं की कळतं. झाकणाच्या कडेला व्हॅसलिनचा हात फिरवला की जेल आणखी टिकते.

पीएच मीटरचा, म्हणजे द्रावणाची आम्लता मोजणाऱ्या उपकरणाचा, इलेक्ट्रोड मात्र कोरडा ठेवायचा नाही. त्याच्या काचेच्या फुग्यावरचा ओला थर सुकला की मापन मंदावतं. ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवण्याची सवयही घातकच, कारण आतले आयन बाहेर झिरपतात. 22.4 ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड विरघळवून 100 मिलिलिटर द्रावण करा आणि टोपीत तेच भरा. खर्च किरकोळ.

सोडियम हायड्रॉक्साईडला यातला कुठलाच उपाय लागू पडत नाही. ते पाण्याबरोबर हवेतला कार्बन डायऑक्साईडही घेतं आणि त्याचं कार्बोनेट बनतं. ओव्हनमध्ये ते परतत नाही. लहान बाटल्या घ्या, बूच रबराचं लावा आणि प्रत्येक वेळी ऑक्झॅलिक आम्लाशी टायट्रेशन करून, म्हणजे किती आम्लाला किती द्रावण पुरतं हे मोजून, द्रावणाची संहती नव्याने काढा.