उन्हाळ्यात पाणी नको म्हणणारं झुडूप

क्लीव्हलँड सेज हे कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाचं, सॅन डिएगो परिसरातलं आणि सीमेपलीकडच्या, मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियातलं रानझुडूप. डॅनियल क्लीव्हलँड हे सॅन डिएगोचे वकील आणि हौशी वनस्पतिसंग्राहक. त्यांचं नाव आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये या झुडपाला दिलं. कूळ तुळस-पुदिन्याचंच: चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि पान चुरगळलं की बोटांना लागून राहणारा वास. त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाला ते ओळखीचं वाटतं आणि तो त्याला तुळशीसारखं रोज पाणी घालू लागतो. नेमकं तेच त्याला सोसत नाही.

सॅन डिएगोत वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः हिवाळ्यात. उन्हाळ्याचे महिने कोरडे जातात. आपल्याकडे जून-जुलैत उष्णता आणि ओल एकत्र येतात. या झुडपाच्या मुलखात ती जोडी जमतच नाही. त्याची खरी वाढ हिवाळा-वसंतात होते. उन्हाळ्यात ते काही पानं गाळून, काही आक्रसून घेऊन तग धरतं. उरलेल्या पानांवरची राखाडी लव ऊन परतवते आणि बाष्प कमी जाऊ देते. अशा वेळी तापलेल्या मातीत ओल टिकली, की फायटोफ्थोरासारखे मुळं कुजवणारे सूक्ष्मजीव फोफावतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड कोमेजतं. ते पाहून आपण आणखी पाणी ओततो आणि ते कायमचं जातं. ही गफलत मला सर्वांत दुःखद वाटते, कारण ती काळजीपोटीच होते.

लावायचं ते तिकडच्या पावसाच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, भरपूर उन्हात. चिकणमाती असेल तर उंचवट्यावर. खत नको. पहिल्या उन्हाळ्यात मुळं खोल गेलेली नसतात, तेव्हा अधूनमधून, थंड वेळी, खोलवर मुरेल असं पाणी द्यावं. पुढच्या वर्षापासून हात आखडता घ्यावा.

वसंताच्या अखेरीपासून दांड्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांची वलयं एकावर एक येतात. मधमाश्या आणि हमिंगबर्ड त्यांच्यावर तुटून पडतात. बहर ओसरला तरी बियांचे दांडे लगेच कापू नयेत, बिया पक्षी खातात. नंतर छाटताना फक्त कोवळ्या फांद्या घ्याव्यात; जुन्या लाकडात कात्री चालवली, तर तिथून पुन्हा फुटवा येईलच असं नाही.