पॅक केलंत? मग डाव संपेपर्यंत पानांबद्दल बोलू नका

आमच्या ऑनलाइन टेबलावर ऑफिसचे ग्रुप, शाळेतले जुने मित्र, परदेशातली चुलत-मावस भावंडं टेक्सास होल्डेम खेळायला जमतात. हा पोकरचा प्रकार: हातात दोन झाकली पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. चिप्स नुसत्या नावाच्या. पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळवायला २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, तेव्हा "शंभर-शंभर तरी लावू की" असे मेसेज कृपया पाठवू नका.

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो एकाच गोष्टीत. पॅक केलेला, म्हणजे पानं टाकून डाव सोडलेला गडी चालू डावात लिहितो, "छे, माझे दोन बदाम गेले!" आणि आम्हाला डाव रद्द करावा लागतो. तीन पत्तीत पॅक केल्यावर शेजाऱ्याची पानं बघत बडबडायची सवय असते, तीच इथे नडते.

समजा, टेबलावर चार पानं उघडी आहेत, त्यांत दोन बदाम. तुमच्या हातातही दोन बदाम. पाचवं पान बदाम आलं की फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं. न दिसलेली पानं ४६, त्यांत बदाम ९. म्हणजे शंभरात साधारण वीस वेळा काम होईल. समोरच्याची बेट धरून पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ५०० चिप्स आहेत आणि कॉलला, म्हणजे त्याच्या बेटेइतकं भरायला, १०० लागतात. जिंकलात तर सगळे ६०० तुमचे, त्यामुळे शंभरात सतरा वेळा पान लागलं तरी हा कॉल परवडतो, म्हणून तुम्ही बिनधास्त भरता. पण दोन बदाम गेल्याचं कळलं, की उरतात ४४ पानांत ७, म्हणजे सोळाच्या आत. आता पॅक करणंच शहाणपणाचं! त्या एका वाक्याने समोरच्याचा पॉट हलका झाला, आणि त्या बिचाऱ्याने काहीच केलेलं नसतं.

म्हणून पॅक केलेल्यांचा माइक आणि चॅट आम्ही डाव संपेपर्यंत बंद ठेवतो. "मजा जाते" म्हणून काही जण रुसतात. दोन डावांमध्ये हव्या तेवढ्या गप्पा मारा, कुणी अडवत नाही. शेवटी दोघेच उरले, तर "तुझ्याकडे काही नाहीये रे" म्हणत डिवचायलाही हरकत नाही; फक्त स्वतःची पानं सांगायची नाहीत.

एका हाताला एकच गडी. मागे उभ्या मेहुण्याचा सल्ला चालणार नाही. एकाच घरातून दोघं खेळणार असाल तर आधी कळवा, वेगळ्या टेबलांवर बसवतो. यात अविश्वास नाही, पण बाकीच्यांना शंका यायला जागा कशाला ठेवायची?

नवीन ग्रुपला पहिली वीस मिनिटं सरावाची, त्याचे पैसे लागत नाहीत. दिवाळीच्या आठवड्यातली टेबलं लवकर भरतात. तारीख आधी सांगितलीत तर बरं.