वाळवंटी मुंगीचे अंतरमापन

उत्तर आफ्रिकेतील कॅटाग्लिफिस प्रजातीच्या मुंग्या बिळाकडे परतताना अंतर मोजतात ते मुख्यतः पावलांवरून. ट्युनिशियाच्या सपाट खाजण पठारावर राहणारी कॅटाग्लिफिस फॉर्टिस ही जाती या संशोधनाच्या केंद्रस्थानी आहे. उन्हाने मेलेले किडे शोधत ही मुंगी एकटीच वेडीवाकडी भटकते. खाद्य मिळताच मात्र आल्या वाटेने न फिरता ती सरळ बिळाच्या रोखाने निघते. तेथे खुणेला झुडूपही नसते. दिशा तिला आकाशातील ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशावरून कळते. अवघड प्रश्न होता तो अंतराचा.

पावलांची कल्पना फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आंरी पिएराँ यांनी १९०४ मध्ये मांडली होती. तिला पुरावा मिळायला शतक लोटले. खर्ची पडलेल्या शक्तीवरून अंतर ठरत असावे, हा तर्क ओझे वाहणाऱ्या मुंग्यांनी मोडीत काढला. जड भार घेऊनही त्यांचा अंदाज बिघडला नाही.

माथियास विटलिंगर, र्‍यूडिगर वेनर आणि हाराल्ड वोल्फ यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग काहीसा क्रूर, पण नामी होता. मुंग्यांना बिळापासून १० मीटरवरच्या खाद्यापर्यंत पन्हळीतून चालत येऊ दिले. तेथे काहींच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून ते लांब केले, तर काहींचे पाय छाटून आखूड केले. परतीच्या वाटेवर लांब पायांच्या मुंग्या सुमारे १५ मीटर गेल्यावर बीळ शोधू लागल्या. आखूड पायांच्या सुमारे ६ मीटरवरच. पुढे त्याच बदललेल्या पायांनी बिळातून निघून परतल्या तेव्हा अंतर पुन्हा बरोबर आले.

म्हणून मुंगी ‘पावले मोजते’ असे सर्रास लिहिले जाते. ते ढोबळ आहे. वेग वाढला की टांगही लांबते. तेव्हा नुसती संख्या पुरणार नाही, पावलाची लांबीही कुठेतरी जमेस धरली जात असली पाहिजे. शिवाय चढउतारांवरून गेलेली मुंगी परतताना पृष्ठभागाची लांबी नव्हे, तर क्षितिजसमांतर अंतर कापते.

डोळ्यांचा वाटा चालताना अल्पच असतो. कॅटाग्लिफिस बायकलर या जातीत मात्र एक मुंगी दुसरीला उचलून नेते, आणि उचललेलीचे पाय जमिनीला लागतच नाहीत. तिला मध्येच वेगळे केले तरी ती योग्य अंतरावर बीळ शोधते. डोळ्यांचा खालचा भाग झाकून नेलेल्या मुंगीला ते साधत नाही, असे २०१६ मध्ये दिसून आले: तिचे माप खालून सरकणाऱ्या जमिनीच्या दृश्यावरून ठरते.