मदतीचा पैसा, मताचा पैसा

गणपतीत आमच्या वाडीत बुद्धिबळाची स्पर्धा होते. मालवण तालुक्यातली लहानशी वाडी, पट प्लास्टिकचे, घड्याळं दोनच, तीही अंतिम फेरीपुरती. चषक कुणी ना कुणी चाकरमानी देतो. एका वर्षी न मागता सहा नवे पट आले. आजीने देणाऱ्याचं नाव ऐकलं आणि विचारलं, "तेका काय होया?" ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती.

फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, निवडणुकांबद्दल वाचताना मला हा प्रश्न आठवतो. लहान देशांच्या महासंघांना दिलेली मदत आणि त्यांच्या मताची मोजलेली किंमत, या दोन गोष्टींची तिथे कायम गल्लत होते. कारण वरून दोन्ही सारखीच दिसतात: पट, घड्याळं, प्रशिक्षक, ऑलिंपियाडला जायचं विमानाचं तिकीट.

गल्लतीचं मूळ मतमोजणीत आहे. बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत ज्याचे दोन ट्रॉलर त्याला एक मत, ज्याची एक होडी त्यालाही एकच. फिडेतही प्रत्येक देशाच्या महासंघाला एक मत. भारताकडे ऐंशीहून जास्त ग्रँडमास्टर. पलाऊ या बेटांच्या देशाची लोकसंख्याच 20 हजारांच्या आत, आमच्या तालुक्यापेक्षा कितीतरी कमी. मतं मात्र सारखी. एक फरक आहे. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्यानुसार सोसायटीच्या सभासदाने मत स्वतः येऊन द्यायचं असतं. फिडेत मुखत्यारपत्रावर दुसऱ्याचं मत टाकायची सोय होती, आणि एकाच्या खिशात दुसऱ्याचं मत असलं की भाव ठरवणं सोपं जातं.

तरीही सरसकट "छोटे देश विकले गेले" म्हणणं मला पटत नाही. 1924 मध्ये पॅरिसला फिडे स्थापन झाली, तेव्हापासून 1982 पर्यंतचे चारही अध्यक्ष युरोपातले. त्या वर्षी फिलिपिन्सचे फ्लोरेन्सियो कँपोमानेस निवडून आले ते बरंचसं आशिया-आफ्रिकेच्या मतांवर. त्या देशांना कुणीतरी पहिल्यांदा विचारत होतं. ज्याला कधी पट मिळाला नाही, त्याने पट देणाऱ्याला मत दिलं तर तो लाचखोर कसा?

पण मग मदत कुठे संपते? 2014 च्या निवडणुकीआधी अध्यक्षपदाचा उमेदवार, माजी विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह याच्या बाजूने तयार झालेला एका कराराचा मसुदा बाहेर आला. समोरचा पक्ष सिंगापूरचे इग्नेशियस लिऑन्ग, तेव्हाचे फिडेचे सरचिटणीस. त्यांच्या अकादमीला पाच लाख डॉलर, आणि त्यांनी आपल्या भागातली 10 अधिक 1 मतं मिळवून देण्याचा प्रयत्न करायचा, मुखत्यारपत्रं वेगळी. लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात; इथे भांड्यावर माप लिहिलेलं होतं! कास्पारोव्हच्या बाजूचं म्हणणं, पैसा आशियातल्या बुद्धिबळासाठीच होता. असेलही. पण एकाच कागदावर अकादमी आणि मतांचा आकडा शेजारी आले की खुलासा ऐकायला कोण थांबतं? फिडेच्या नीतिमत्ता आयोगाने 2015 मध्ये दोघांवर दोन वर्षांची बंदी घातली. त्याआधी नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला झालेल्या निवडणुकीत कास्पारोव्ह 61 विरुद्ध 110 मतांनी पडलाच होता.

त्याला हरवणारे किर्सान इल्युमझिनोव्ह 1995 ते 2018 अध्यक्ष होते. त्यातली बरीच वर्षं ते रशियातल्या काल्मिकिया प्रजासत्ताकाचेही प्रमुख होते, आणि बुद्धिबळात स्वतःचा पैसा ओतत. 2006 मध्ये त्यांनी बेसल कोक यांना 96-54 ने हरवलं, 2010 मध्ये माजी विश्वविजेता अनातोली कार्पोव्हला 95-55 ने. इथे लेखी सौदा दाखवता येत नाही, आणि मला ही जागा जास्त अवघड वाटते. खुर्चीवरच्या माणसाला करार लागतच नाही. मदत संस्थेची असली तरी नाव त्याचं होतं. आचारसंहितेच्या आधी रस्त्यावर खडी पडते तेव्हा पैसा सरकारचा असतो आणि फलक कुणाचा असतो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. 2022 मध्ये चेन्नईत तेव्हाचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच 157 विरुद्ध 16 मतांनी पुन्हा निवडून आले. सोबतीला उपाध्यक्षपदासाठी विश्वनाथन आनंद होता, म्हणजे त्यात आनंदच्या नावाचं वजनही आलं. पण इतक्या मतांत कामाची पावती किती आणि खुर्चीचा जोर किती, हे वेगळं काढायचं कसं?

मी स्वतः दोनच गोष्टी पाहतो. पैसा महासंघाच्या खात्यात जातो की मत टाकणाऱ्या प्रतिनिधीच्या संस्थेत? आणि विरोधात मत दिलं तरी पुढच्या वर्षी मदत येते का? दुसऱ्याचं उत्तर मतदानाच्या दिवशी कुणाकडेच नसतं.

आमचा सहा पटवाला पडला. पुढच्या गणपतीत त्याच्याकडून दोन घड्याळं आली. आजीने ती उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा तेच विचारलं.