रिमोटचा हुकूम आणि नऊ पिनांची केबल

बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनवर, हात बसलेल्या माणसाला आरएस-२३२ ची, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी नऊ पिनांची सिरियल केबल चांगली ओळखीची असते. कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम मशीनमध्ये सोडायचा, बॉड रेट, म्हणजे बिट पाठवायचा वेग, दोन्हीकडे एकच ठेवायचा; चुकला तर नुसता कचरा उतरतो. आरएस-२३२ हे प्रमाण १९६० चं, मोडेमच्या जमान्यातलं. घरातल्या टीव्हीशी त्याची गाठ पडली ती रिमोटपायी.

झेनिथ कंपनीत युजीन पॉली यांनी १९५५ मध्ये काढलेला फ्लॅशमॅटिक म्हणजे चक्क बॅटरीचा झोत. खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपणहून चॅनेल बदलायचा! पुढच्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा स्पेस कमांड आला. त्याला सेलच लागत नसत. बटण दाबलं की छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा तो नाद टीव्ही ओळखायचा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश रुळला तो १९८० च्या सुमारास.

रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं तर एलईडी जांभळट लुकलुकताना दिसतो. बऱ्याच रिमोटमध्ये हा प्रकाश ३८ किलोहर्ट्झवर चालतो. एनईसी नावाच्या कोडच्या पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा झोत, मग साडेचारची उसंत, मग ३२ बिट. त्यात कोणत्या उपकरणासाठी तो पत्ता आणि हुकूम दोन्ही एकदा सुलटे, एकदा उलटे येतात, त्यावरून टीव्ही चूक पकडतो. हुकूम पोचला की नाही, हे रिमोटला मात्र कोणी सांगत नाही. सगळी गोम इथेच आहे.

अ‍ॅपल कंपनी सोडल्यावर तिचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी १९८७ मध्ये ‘कोअर’ नावाचा रिमोट आणला. तो दुसऱ्या रिमोटचे कोड शिकायचा आणि सिरियल केबलने कॉम्प्युटरलाही जोडता यायचा. पुढे लिनक्स ही कॉम्प्युटरची प्रणाली वापरणाऱ्यांनी सिरियल पोर्टच्या पिनेवरच इन्फ्रारेड रिसीव्हर डकवला. मग ग्लोबल कॅशेसारख्या कंपन्यांचे, कॉम्प्युटरचा हुकूम इन्फ्रारेडने टीव्हीला पाठवणारे तयार डबे आले. त्यांना ‘सेंडआयआर’ अशी साधी अक्षरांची ओळ पाठवायची, तीत ३८००० ही फ्रिक्वेन्सी आणि पुढे चालू-बंदच्या वेळांचे आकडे. डबा ‘कम्प्लीटआयआर’ असं उत्तर देतो. पण त्याचा अर्थ दिवा लुकलुकला, एवढाच. टीव्हीने ऐकलं का, ते डब्यालाही ठाऊक नसतं.

आपल्याकडे याची खरी झळ केबल टीव्ही डिजिटल झाल्यावर लागली. या बदलाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या शहरांना डिसेंबर २०१५ ची मुदत होती. घरोघरी सेटटॉप बॉक्स आला आणि रिमोटचे दोन झाले. पॉवरचं बटण मात्र चालू-बंदला एकच. खानापूर-निपाणीकडे लाइट जाऊन आली की बॉक्स जागा होतो, टीव्ही झोपलेलाच राहतो. ऑटोमेशनने, म्हणजे घरातली उपकरणं आपोआप चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, दोघांना पॉवरचा हुकूम सोडला की एक चालू होतो आणि दुसरा बंद. होतंय की असं!

यावर चालू आणि बंदचे वेगळे कोड शोधणं हा पहिला तोडगा. ते रिमोटवर नसले तरी काही टीव्हींना समजतात. दुसरा म्हणजे टीव्हीचाच सिरियल पोर्ट. एलजीच्या पोर्ट असलेल्या मॉडेलना ‘केए ०१ ०१’ म्हटलं की ते चालू होतात आणि ‘केए ०१ एफएफ’ म्हटलं की आपली अवस्था सांगतात. केबलच्या बॉक्सला सहसा असा पोर्ट नसतो. तिथे इन्फ्रारेडच ठेवून प्लगमधून किती करंट जातोय ते मोजायचं आणि त्यावरून बॉक्स जागा आहे का ते ठरवायचं.