एसपीएफची पार्श्वभूमी : लालीवर बेतलेला आकडा आणि त्याच्या कमाल मर्यादेचा वाद

२०२५ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका ग्राहक संघटनेने बाजारातली २० सनस्क्रीन्स प्रयोगशाळेत तपासून घेतली. त्यातली १६ आपल्या वेष्टनावरच्या आकड्याला उतरली नाहीत. ५०+ चा दावा करणाऱ्या एका उत्पादनाचा एसपीएफ (सन प्रोटेक्शन फॅक्टर, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा) तर ४ भरला. काही उत्पादकांनी चाचणीच चुकीची असल्याचे म्हटले, पण ४ भरलेले ते उत्पादन पुढे बाजारातून मागे घेतले गेले. त्वचेच्या कर्करोगाविषयी सर्वाधिक जागरूक समजल्या जाणाऱ्या देशात हे घडले, म्हणून चर्चा मोठी झाली. ती बहुतांशी 'कंपन्या फसवतात' या मुद्द्याभोवती फिरली. या आकड्याची घडणच मुळात कशी आहे, याकडे मात्र फारसे कोणी वळले नाही.

अतिनील किरणांचा शोध १८०१ चा. त्वचा भाजते ती उन्हाच्या उष्णतेने नव्हे, तर या किरणांमुळे, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. त्यानंतरची काही दशके ऊन हे औषध मानले गेले, आणि तसे मानायला आधारही होता. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराला १९०३ चे नोबेल मिळाले, तर १९१९ मध्ये अतिनील दिव्याने मुडदूस बरा होत असल्याचे दिसले. युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या समाजात रापलेली कातडी आरोग्याची आणि सुबत्तेची खूण ठरली ती याच काळात. अतिनील किरणांनी उंदरांना त्वचेचा कर्करोग होतो, हे १९२८ मध्ये दाखवले गेले. पहिले व्यापारी सनस्क्रीन अमेरिकेत आले तेही त्याच सुमारास. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायला आणखी अर्धे शतक जावे लागले. सनस्क्रीन विकले जात होते ते न भाजता रापता यावे यासाठी.

हा हेतू लक्षात घेतल्याशिवाय एसपीएफ कळत नाही. जर्मनीतल्या एका संशोधकाने १९५६ मध्ये संरक्षण मोजण्यासाठी एक गुणोत्तर सुचवले. एका ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञाने पुढच्या दोन दशकांत ते रूढ केले आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी आपल्या प्रस्तावात स्वीकारले. पद्धत अशी : किमान दहा माणसांच्या पाठीवर ठरलेल्या जाडीचा थर द्यायचा, सूर्यासारखा प्रकाश देणाऱ्या दिव्याने वाढत्या मात्रा द्यायच्या आणि १६ ते २४ तासांनी त्वचा कोणत्या मात्रेला जेमतेम लाल झाली ते डोळ्यांनी पाहायचे. क्रीम लावलेल्या जागेला लागलेली मात्रा भागिले उघड्या जागेला लागलेली मात्रा, म्हणजे एसपीएफ.

म्हणजे एसपीएफ मोजतो लाली. लाली प्रामुख्याने यूव्हीबीमुळे, म्हणजे अतिनील किरणांतल्या आखूड तरंगलांबीच्या भागामुळे येते. लांब तरंगलांबीच्या यूव्हीएला त्वचा तितकीच लाल करायला सुमारे हजारपट मात्रा लागते. पण जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत यूव्हीएचाच वाटा ९५ टक्क्यांच्या आसपास असतो, ते त्वचेत अधिक खोल जातात आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या क्रीममधली बहुतेक रसायने यूव्हीबी अडवणारी होती. आकडा वाढत गेला, भाजणे कमी झाले आणि त्याबरोबर 'आता पुरे' असे सांगणारी त्वचेची स्वतःची सूचनाही गेली. लोक उन्हात जास्त वेळ थांबू लागले आणि यूव्हीए तेवढा अधिक घेऊ लागले. याच काळात मुख्यतः यूव्हीए सोडणारे टॅनिंग बेड (झोपून कातडी रापवण्याचे दिव्यांचे पलंग) 'सुरक्षित' म्हणून विकले गेले. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने त्यांना 'माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध' अशा गटात टाकले ते थेट २००९ मध्ये. एवढा उशीर कशानेही समर्थनीय ठरत नाही.

यातूनच अमेरिकेतला कमाल आकड्याचा वाद निघाला. १९९९ मध्ये नियामकांनी अंतिम नियम काढला : वेष्टनावर ३०+ च्या वर काही छापायचे नाही. यूव्हीएचे मोजमाप कसे करायचे हे मात्र ठरले नव्हते. ते ठरेपर्यंत म्हणून या नियमाची अंमलबजावणी स्थगित झाली. २००७ मध्ये मर्यादा ५०+ करण्याचा आणि यूव्हीएसाठी चार तारकांचा प्रस्ताव आला. २०११ मध्ये तारका गेल्या. 'ब्रॉड स्पेक्ट्रम' (यूव्हीबी आणि यूव्हीए दोन्ही अडवणारे) हा शब्द छापण्यासाठी ३७० नॅनोमीटरची एकच कसोटी आली : क्रीमचे संरक्षण किमान या तरंगलांबीपर्यंत, म्हणजे यूव्हीएच्या पट्ट्यात, पोहोचले पाहिजे. 'सनब्लॉक' आणि 'वॉटरप्रूफ' या शब्दांवर बंदी आली आणि पाण्यात टिकण्याचा दावा ४० किंवा ८० मिनिटे असाच करण्याचे बंधन घातले गेले. कमाल मर्यादा मात्र पुन्हा प्रस्तावातच राहिली. २०१९ च्या प्रस्तावात ती ६०+ झाली. तरीही दुकानात १०० चे आकडे आहेतच.

मर्यादेच्या बाजूचा युक्तिवाद सर्वांच्या ओळखीचा आहे : १५ चे क्रीम लाली आणणारे सुमारे ९३ टक्के किरण अडवते, ३० चे ९७, ५० चे ९८. पुढे आकडा फुगतो, फायदा नाही. शिवाय मोठा आकडा माणसाला बेफिकीर करतो. फ्रेंच आणि स्विस विद्यार्थ्यांवरच्या एका प्रयोगात कोणाला १० चे आणि कोणाला ३० चे क्रीम मिळाले हे लपवले होते, तरी ३० वाले सुमारे पावपट जास्त वेळ उन्हात राहिले. हे निष्कर्ष १९९९ मध्येच प्रसिद्ध झाले.

दुसरी बाजू हलकी नाही. अडवलेले किरण मोजण्याऐवजी आत शिरलेले मोजा : ५० मधून दोन टक्के जातात, १०० मधून एक, म्हणजे निम्मे. त्यात प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅमचा थर असतो, आणि प्रत्यक्षात बहुतेक लोक त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी लावतात. थर पातळ झाला की संरक्षण झपाट्याने घसरते, म्हणून मोठ्या आकड्याला अर्थ उरतो. कोलोरॅडोतल्या बर्फावर १९९ जणांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला ५० चे आणि दुसऱ्या बाजूला १०० चे क्रीम देऊन एक दिवस पाहिले गेले. ५५ टक्के लोकांची ५० ची बाजू जास्त भाजली, १०० ची बाजू जास्त भाजलेले ५ टक्के. प्रयोगाचा खर्च उत्पादक कंपनीचा होता हे नोंदवायला हवे, पण तेवढ्यावरून तो फेटाळता येत नाही.

माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडत राहिल्या. कारण दोघांच्याही हातात लालीचाच आकडा आहे. अमेरिकेची ३७० ची कसोटी एकदा पार केली की पुढे एसपीएफ कितीही वाढवा, यूव्हीए संरक्षण त्या प्रमाणात वाढवण्याची सक्ती नाही. युरोपने २००६ मध्ये नेमके हेच बांधून टाकले : यूव्हीए संरक्षण एसपीएफच्या किमान एक तृतीयांश हवे आणि आकडा ५०+ च्या पुढे जायचा नाही. जपानने तर १९९६ पासूनच 'पीए' आणि त्यापुढची अधिक चिन्हे वापरून यूव्हीए वेगळे दाखवायला सुरुवात केली होती. अमेरिकेत सनस्क्रीन हे औषध, युरोपात सौंदर्यप्रसाधन. औषध म्हटल्यावर प्रत्येक रसायनासाठी पुरावा जड लागतो, त्यामुळे नव्वदच्या दशकानंतर वीसहून अधिक वर्षे तिथल्या सर्व उत्पादकांना खुल्या असलेल्या मंजूर यादीत यूव्हीए अडवणारे एकही नवे रसायन आले नाही. ग्राहकाच्या रक्षणासाठी केलेल्या कडक नियमाने त्याला जुन्या रसायनांवर अडकवून ठेवले. २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत त्याच जुन्या रसायनांपैकी अनेक रक्तात उतरत असल्याचे दिसले. त्यातून अपाय होतो असे त्या चाचण्यांनी सिद्ध केले नाही, पण अधिक माहिती मागण्याचे कारण त्यांनी नक्कीच दिले.

आकड्यांच्या या झगड्यात एक गोष्ट झाकोळली. सनस्क्रीन कर्करोग रोखते याचा सर्वांत भक्कम पुरावा एसपीएफ १६ च्या क्रीमचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका गावात १९९२ ते १९९६ दरम्यान १,६२१ प्रौढांवर चाचणी झाली. एका गटाने रोज क्रीम लावायचे, दुसऱ्याने आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणे. रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस पेशींच्या (त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींच्या) कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. त्वचेच्या कर्करोगाचा दुसरा प्रकार असलेल्या बेसल पेशींच्या कर्करोगात फरक दिसला नाही. चाचणी संपल्यावर दहा वर्षांनी पाहिले तेव्हा मेलेनोमा या त्वचेच्या सर्वांत घातक कर्करोगाचे नवे रुग्ण रोज लावणाऱ्या गटात ११ होते, दुसऱ्यात २२. फरक पडला तो रोज लावण्याने.

लालीच्या मापाने आणखी कोणाला बाहेर ठेवले, तर सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या माणसांना. चाचणीसाठी पटकन लाल होणारी त्वचाच निवडली जाते. ज्यांच्या त्वचेवर लाली उशिरा येते किंवा नीट दिसतच नाही, त्यांना ऊन बाधते ते अनेकदा काळपट डागांच्या रूपाने, आणि त्यात डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो. त्याविरुद्ध उपयोगी पडतात ती आयर्न ऑक्साइड (लोहाचे रंगद्रव्य) असलेली रंगीत सनस्क्रीन्स. पण तो गुण दाखवणारा कोणताही आकडा एसपीएफच्या शेजारी छापला जात नाही.

ऑस्ट्रेलियातल्या २०२५ च्या गोंधळात ही सगळी गुंतागुंत एकत्र आली. माणसाच्या डोळ्यांनी लाली वाचायची असल्याने एकाच क्रीमला दोन प्रयोगशाळा वेगळे आकडे देऊ शकतात. त्यावर उपाय म्हणून २०२४ च्या अखेरीस दोन नव्या आंतरराष्ट्रीय मानक पद्धती आल्या. एकीत क्रीम प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर लावून तपासतात. दुसरीत त्वचेवरून परतणारा प्रकाश मोजला जातो, त्वचा भाजावी लागत नाही आणि यूव्हीएचे संरक्षणही त्याच तपासणीत कळते. जुनी पद्धत अजून रद्द झालेली नाही.